शेटलंडची शाल आणि दुकानाची वही

महाराष्ट्रातली थंडी ती काय, दोन-अडीच महिन्यांची पाहुणी. तरीसुद्धा लोकरीचे विणकाम आपल्या घराघरांत शिरले आहे. बाळंतविड्यात टोपडी-मोजे आले, घरच्या पुरुषमाणसाला मफलर आला, आणि १९६२ साली चिनी आक्रमणाच्या वेळी तर सीमेवरच्या जवानांना स्वेटर पाठवायचे म्हणून देशभरच्या बायकांनी सुया हाती घेतल्या. तेव्हा सुलट टाका कोणता आणि उलट कोणता, हे मी तुम्हाला सांगत बसण्याची गरज नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांनी घरातल्या आईला, बहिणीला किंवा काकूला विचारावे. ती दोन मिनिटांत दाखवील.

मला आज बोलायचे आहे ते एका विशिष्ट विणीबद्दल. अठराच्या पटीत टाके घ्यावेत. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. तिसऱ्या ओळीत गंमत आहे. तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र विणायचे, मग सहा वेळा लोकर पुढे घेऊन एकेक टाका सुलट विणायचा, आणि पुन्हा तीन वेळा दोन-दोन एकत्र. चौथी ओळ परत सुलट, म्हणजे कापडाच्या चांगल्या बाजूला एक उंचवटा उठतो. हिशेब करून पाहा. दोन-दोन एकत्र केल्याने सहा टाके कमी झाले, लोकर पुढे घेतल्याने सहा वाढले. अठराचे अठराच राहिले. पण जिथे टाके दाटले तिथे वीण खाली ओढली जाते, जिथे भोके पडली तिथे ती पसरते, आणि सरळ रेघेत सुरू केलेल्या पट्टीला आपोआप लाटा येतात. मफलर असो की स्कार्फ, या चार ओळी पुन्हा पुन्हा विणल्या की पुरे. या विणीला ‘ओल्ड शेल’ म्हणजे ‘जुना शिंपला’ म्हणतात, आणि तिचे माहेर शेटलंड.

शेटलंड हा शंभरावर लहानमोठ्या बेटांचा समूह आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, जवळजवळ साठाव्या अक्षांशावर. झाड म्हणून फारसे नाही, वारा मात्र बारमाही. उन्हाळ्यात रात्र अशी पुरती होतच नाही, आणि हिवाळ्यात दिवस उगवतो न उगवतो तोच मावळतो. शंभरांतल्या पंधरा-सोळा बेटांवरच मनुष्यवस्ती. या बेटांचा राजकीय इतिहासही मोठा मौजेचा आहे. ती मुळात नॉर्वेच्या ताब्यातली. १४६९ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली, आणि हुंड्याची रक्कम रोख जमेना म्हणून ही बेटे तारण ठेवली. तारण कधी सुटलेच नाही. रोख पैसा नाही म्हणून जी बेटे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली, त्यांच्या पुढच्या कहाणीतही रोख पैशाचीच अडचण आहे. तीच आज सांगायची आहे.

या बेटांवरची मेंढी लहानखुरी, पण तिची लोकर मऊ. उन्हाळ्याच्या तोंडाशी जुनी लोकर मुळाशी सैल होते, तेव्हा ती कातरीने न कापता हाताने अलगद उपटून घेत. मानेखालची लोकर सगळ्यांत तलम. ती निवडायची, विंचरायची, घरच्या चरख्यावर कातायची, दोन पदर एकत्र पिळायचे आणि मग विणायचे. जाडेभरडे मोजे विणून विकण्याचा धंदा तर सतराव्या शतकापासूनचा. हेरिंग मासळीच्या हंगामात डच कोळ्यांची शेकडो गलबते लर्विकजवळच्या सामुद्रधुनीत नांगर टाकीत, आणि किनाऱ्यावरच्या बायका त्यांना मोजे, हातमोजे आणि टोप्या विकीत. लर्विक हे आजचे राजधानीचे गाव अशाच बाजारातून उभे राहिले.

विणायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न या बायकांना पडलाच नाही. कारण त्या दुसरे काम करता करताच विणीत. कमरेला कातड्याचा पट्टा, त्यात घोड्याचे केस भरलेली छोटी गादी, आणि गादीला बारीक भोके. उजव्या सुईचे टोक एका भोकात खोवले की सुईचा भार हातावर राहत नाही, आणि चालता चालता विणता येते. १९०० सालच्या आसपासची छायाचित्रे पुष्कळ उपलब्ध आहेत. पाठीवर जळणाच्या मातीने, म्हणजे पीटने भरलेली मोठी टोपली, आणि हात मोकळे असल्यामुळे ते सुया चालवताहेत. तिकडे सुयांना ‘तारा’ म्हणत. आणि विणकामाला ‘मॅकिन’, म्हणजे नुसते ‘करणे’. जणू करण्यासारखे दुसरे कामच नाही! खरे म्हणजे शेत त्याच करीत, गाय त्याच दोहीत, जळण त्याच वाहत. कारण पुरुष समुद्रावर. काही मासेमारीला, काही ग्रीनलंडकडे देवमाशाच्या शिकारीला, काही आरमारात. परत येतीलच असे नाही. जुलै १८८१मध्ये एका वादळाने ग्लूप गावच्या होड्या गाठल्या आणि एका रात्रीत ५८ माणसे बुडाली. अशा ठिकाणी पुष्कळ घरांचा कर्ता पुरुष बाई असते, आणि तिच्या हातातली सुई हा फावल्या वेळचा छंद नसतो.

जाळीची तलम शाल त्या मानाने अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात ती पुढे आली. इंग्लंडात तेव्हा रेशमी आणि सुती लेसची मोठी चलती होती. अन्स्ट या अगदी उत्तरेकडच्या बेटावरच्या बायकांनी तोच परिणाम लोकरीत साधला. कोणी म्हणतात, बाहेरून आलेल्या पाहुण्या बाईची लेस पाहून; कोणी म्हणतात, आपल्या आपणच. १८५१ सालच्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात शेटलंडच्या शाली मांडल्या गेल्या, तोवर फॅशनच्या जगात त्यांचे नाव झालेले होते.

हे नाव करून देणाऱ्यांत एका माणसाचा वाटा आहे, आणि तो माणूस मुंबईला अगदीच परका नाही. आर्थर अँडरसन. जन्म १७९२, लर्विकजवळचा. गरिबाघरचा मुलगा, किनाऱ्यावर मासे वाळवण्याचे काम करता करता आरमारात गेला, तिथून लंडनला, आणि भागीदाराबरोबर त्याने एक जहाज कंपनी काढली. तीच पुढे ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल’, म्हणजे मुंबईच्या जुन्या माणसांच्या तोंडची ‘पी. अँड ओ.’ विलायतची टपाल घेऊन मुंबईच्या बंदरात येणारी आगबोट बहुधा याच कंपनीची असे, आणि माझगावच्या गोदीशीही तिचे नाव बरीच वर्षे जोडलेले होते. हिंदुस्थानातून बॅरिस्टर व्हायला निघालेली आपली मंडळी ज्या कंपनीच्या बोटींतून गेली, तिचा एक संस्थापक मोजे विणणाऱ्या बायकांच्या बेटावरचा! १८३७ साली, व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्याच वर्षी, अँडरसनने तिला शेटलंडचे तलम मोजे नजर केले. राणीने घातले म्हटल्यावर सरदारघराण्यांतल्या बायकांनी घालायचे, आणि त्यांनी घातले म्हटल्यावर सगळ्यांनी. जाहिरातीची ही युक्ती काही आजकालची नव्हे. पण अँडरसनला नुसता व्यापारी म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. त्याच साली त्याने मासेमारीची एक कंपनी काढली. जमीनदार आपल्या कुळांकडून मासळी सक्तीने आपल्याच भावाने घेत, त्या जाचातून कोळ्यांना सोडवावे हा तिचा हेतू होता. बेटांवर शाळा त्याने बांधली, खलाशांच्या विधवांसाठी घरे त्याने बांधली. दुखणे कुठे आहे हे त्याला कळले होते.

आता ती शाल कशी होती, ते पाहू. दोन वार लांब, दोन वार रुंद असा चौरस, आणि वजन दोन-तीन औंस, म्हणजे आपल्या पाच ते सात तोळ्यांत सगळी शाल! आधी कडेची टोकेरी पट्टी विणायची. सुईवर थोडेसेच टाके, पण लांबी चारी बाजू पुरतील एवढी. मग तिच्या काठावरून टाके उचलून रुंद किनार, आणि शेवटी मधला चौक. शिवण म्हणून दिसायची नाही. जोडसुद्धा टाक्याला टाका मिळवून विणलेला. नमुन्यांची नावे ऐका: मांजराचे पाऊल, पक्ष्याचा डोळा, घोड्याचा नाल, सूचिपर्णी झाडाचे बोंड, लाटेचा ठसा. आपल्या बायकांच्या रांगोळीत गोपद्म, कासव, चांदणी यावीत, तसेच हे.

विणून झाली म्हणजे शाल तयार झाली असे मात्र नाही. सुयांवरून उतरलेली जाळीची शाल दिसते कशी, तर चोळामोळा झालेल्या चिंधीसारखी. ती धुवायची, पांढरीशुभ्र हवी असेल तर गंधकाची धुरी द्यायची, मग ओली असतानाच लाकडी चौकटीवर चारी बाजूंनी दोऱ्याने ताणून बसवायची. टोकेरी पट्टीचा एकेक दात ओढून बांधायचा. वाळली की प्रत्येक भोक उघडते आणि नमुना एकदम डोळ्यांपुढे येतो. हे ताणण्याचे काम काही बायका फक्त तेवढेच करीत, आणि त्याचे पैसे विणणारीच्या हिशेबातून कापले जात.

अशी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार काढून दाखवण्याची तिकडे पद्धत होती. ढाक्याची मलमल अंगठीतून जाई, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. गिऱ्हाइकाला हा चमत्कार मोठा आवडतो. पण अंगठीच्या गोष्टीत एक खोड आहे. मलमल लक्षात राहते, शाल लक्षात राहते. ती कोणी विणली, आणि तिला काय मिळाले, हे विचारायचे राहून जाते. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी विणणारीचे श्रेयच दुसऱ्याला दिले जाते. शेटलंडच्या दक्षिणेला फेअर आयल नावाचे एक बेट आहे. १५८८ साली स्पॅनिश आरमारातले ‘एल ग्रान ग्रिफॉन’ हे जहाज तिथे फुटले, हे खरे आहे. त्यावरून लोकांनी ठरवून टाकले की, तिथले रंगीत नमुने बुडत्या जहाजातून वाचलेल्या स्पॅनिश खलाशांनी बायकांना शिकवले. याला पुरावा काही नाही. पण कथा रंगतदार, त्यामुळे दुकानदारांनी ती प्रेमाने जपली. स्वतःच्या डोक्याने बाईने नमुना बसवला, या गोष्टीपेक्षा परदेशी खलाशी केव्हाही जास्त खपतो!

बरे, तिला काय मिळाले? पैसे मिळाले नाहीत. चहा मिळाला, कापड मिळाले.

हे जरा नीट समजून घ्यायला हवे. लर्विकमधले आणि गावोगावचे व्यापारी हे बहुतेक कापडदुकानदार. बाईने शाल किंवा मोजे आणले की दुकानदार किंमत ठरवी आणि ती तिच्या खाती जमा धरी. मग त्या रकमेचा माल त्याच दुकानातून न्यायचा. रोख पैसे मागितले तर मिळायचे नाहीत, किंवा चार आणे मिळाले तर उपकार. काही बायका व्यापाऱ्याच्याच लोकरीवर मजुरीने विणीत, काही स्वतःच्या लोकरीचा माल करून विकीत; पण मोबदल्याची रीत दोघींना एकच. इंग्रजीत या पद्धतीला ‘ट्रक’ म्हणत. मोटारट्रकाशी तिचा काही संबंध नाही. अदलाबदल असा त्या शब्दाचा जुना अर्थ. मजुरांना मजुरी मालात देऊ नये, असा कायदा इंग्लंडात १८३१ सालीच झालेला होता. पण तो ठरावीक धंद्यांतल्या मजुरांपुरता. घरी बसून विणणारी बाई त्या कायद्याच्या दृष्टीने मजूर नव्हतीच.

१८७० साली पार्लमेंटने या ट्रक पद्धतीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्याच्या कामात शेटलंडच्या तक्रारी पुढे आल्या, आणि विल्यम गथ्री नावाच्या वकिलाला खास शेटलंडला पाठवण्यात आले. १८७२च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, त्याने लर्विकला साक्षी घ्यायला सुरुवात केली; आणि सुरुवात केली ती विणणाऱ्या बायकांपासून. प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, असे हजारो प्रश्न त्या अहवालात क्रमांकानिशी छापले आहेत. इतिहास लिहिणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती? राणीच्या मोज्यांची बातमी कोणीही लिहून ठेवतो. खोलीचे भाडे देण्यासाठी एका विणकरणीने काय काय केले, हे तिच्याच तोंडून, तिच्याच शब्दांत, दीडशे वर्षांनी वाचायला मिळावे असे फार क्वचित घडते.

त्या साक्षींतून जे चित्र दिसते ते असे. दुकानात कापड आहे, फिती आहेत, चहा आहे. पण पीठ बहुधा नाही, बटाटे नाहीत, आणि घरमालक भाडे कापडाच्या रूपात घेत नाही. मग बाई करी काय? शालीच्या बदल्यात चहा घेई आणि तो चहा घेऊन दारोदार फिरे. कोणी शेतकरीण त्याबद्दल पीठ देई, कोणी दोन पैसे कमी भावाने विकत घेई. कधी दुकानदार मालाऐवजी एक चिठ्ठी देई, ‘हिला इतक्या रकमेचा माल द्यावा’ अशी. ती चिठ्ठी बाई दुसऱ्या कोणाला तरी विकी, आणि अर्थातच तोट्याने. म्हणजे एकदा शालीची किंमत दुकानदाराने ठरवली, आणि पुन्हा त्या किमतीचे पैसे करताना तिला कसर सोसावी लागली.

आणखी एक गोष्ट. तलम शालीची बारीक लोकर घरच्या मेंढीची नेहमीच पुरत नसे. ती विकत घ्यावी लागे. आणि ही लोकर दुकानदार विणलेल्या मालाच्या बदल्यात देत नसे! ती रोखीची वस्तू. विणायला लोकर हवी, लोकरीला पैसे हवेत, आणि विणून पैसे मिळत नाहीत. या फेऱ्यातून बाहेर पडण्याची वाट सापडते का, तुम्हीच पाहा. मला तरी सापडली नाही.

दुकानदारांचीही बाजू होती, आणि ती गथ्रीने लिहून घेतली. ते म्हणत, आम्हाला शाली विकून फायदा होतच नाही. ज्या भावाने घेतो, जवळजवळ त्याच भावाने दक्षिणेकडे पाठवतो. फॅशन बदलली की माल पडून राहतो. आमचा फायदा काय तो आम्ही दिलेल्या कापडावर. रोख द्यायचे तर आम्हाला किंमत कमी द्यावी लागेल. यात खोटे सगळेच नसावे. पण याचा सरळ अर्थ असा की, मालाची एक किंमत आणि पैशाची दुसरी, अशा दोन किमती होत्या, आणि बाईला दाखवली जाई ती मोठी.

लर्विकमधल्या या गरीब मुली नटूनथटून हिंडतात, अशीही एक तक्रार त्या काळी प्रतिष्ठित मंडळी करीत. घरात खायला नाही आणि डोक्यावर फिती! आपल्याकडेही गरिबाच्या अंगावर नवे लुगडे दिसले की भुवया वर करणारे कमी नाहीत. पण मजुरी जर कापडाच्या आणि फितींच्या रूपातच मिळत असेल, तर अंगावर दुसरे काय दिसणार? पोटाला लागणारी वस्तू दुकानदाराने दिली नाही, आणि दिली ती वस्तू वापरल्याबद्दल उधळी म्हणून नाव मात्र बाईचे झाले.

बहुतेकींजवळ हिशेबाची वही नव्हती. वही दुकानात, लिहिणारा दुकानदार, वाचणाराही तोच. जी बाई सुईवर शेकडो टाक्यांचा हिशेब कागदावाचून तोंडपाठ ठेवी, एका ओळीत किती कमी झाले आणि किती वाढवायचे यात जिची चूक होत नसे, तिला आपल्या खात्यावर जमा किती आणि नावे किती हे ठाऊक नसे.

हे वाचताना मराठी माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. गथ्रीच्या चौकशीनंतर तीनच वर्षांनी, मे १८७५मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांनी काय केले, तर बहुतेक ठिकाणी खते, रोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. माणसाच्या जिवाला हात लावण्यापेक्षा कागदाला लावला. तिथेही आयोग बसला, तिथेही साक्षी झाल्या, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. साम्राज्य एकच. त्याच्या एका टोकाला सुप्याचा शेतकरी आणि दुसऱ्या टोकाला लर्विकची विणकरीण, आणि दोघांच्याही मानेवर जी वही होती ती त्यांना वाचता येत नव्हती. फरक एवढाच की, विणकरणींनी काही जाळले नाही. त्या संख्येने पुष्कळ होत्या, पण प्रत्येक जण आपल्या घरी, आपल्या चुलीपाशी बसून विणत होती. दुकानात जाताना एकटीच जात होती. शेटलंडच्या विणकरणींचा मोर्चा निघाल्याची नोंद त्या काळात नाही.

गथ्रीचा अहवाल १८७२ साली छापून निघाला आणि पार्लमेंटच्या कपाटात जाऊन बसला. पंधरा वर्षांनी, १८८७ साली, ट्रकच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि घरी विणलेल्या लोकरीच्या मालाचा, पाच पौंडांच्या आतल्या किमतीच्या वस्तूंचा, मोबदला चलनातच दिला पाहिजे असे कलम आले. पुढच्या वर्षी एका व्यापाऱ्यावर खटलाही झाला. पण बेटे दूर, सरकार त्याहून दूर, आणि तक्रार करणारीला उद्या त्याच दुकानात शाल घेऊन जायचे. कायद्याच्या पुस्तकात बंद झालेली पद्धत दुकानात कमीअधिक प्रमाणात चालूच राहिली.

तिचा शेवट कोणी केला असे विचाराल, तर न्यायाधीशाने नव्हे. दुसऱ्या महायुद्धाने केला. १९३९ नंतर शेटलंडमध्ये पलटणीच्या पलटणी येऊन उतरल्या. सैनिकांना थंडी वाजत होती, घरी पाठवायला भेटी हव्या होत्या, आणि त्यांच्या खिशात रोख पैसा होता. त्यांनी मोजे, जर्सी आणि हातमोजे थेट बायकांच्या दारात येऊन, पैसे मोजून घेतले. एकदा रोखीने विकायची सवय झाल्यावर चहासाठी शाल देणार कोण? दुकानदारांनाही मग पैसे काढावे लागले.

त्यानंतरची हकीगत थोडक्यात सांगता येईल. जाळीच्या शालीची फॅशन पहिल्या महायुद्धापूर्वीच ओसरली होती. तिची जागा रंगीत जर्सीने घेतली होती. १९२२ साली त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना फेअर आयलची जर्सी घातली आणि तिला उधाण आले. म्हणजे पुन्हा राजघराणेच! मग विणकामाची यंत्रे आली. १९७०नंतर उत्तर समुद्रात खनिज तेल सापडले, सलम व्हो इथे तेलाचे मोठे केंद्र उभे राहिले, आणि बायकांना नियमित पगाराच्या नोकऱ्या मिळू लागल्या. हाताने विणणाऱ्यांची संख्या भराभर घटली. कित्येक अभ्यासक याबद्दल हळहळतात. मला ती हळहळ समजते. पण तासाचा हिशेब केला तर तलम शालीवर जगणे कोणत्याच काळात परवडत नव्हते, आणि नोकरी मिळताच जिने सुया खाली ठेवल्या तिला नावे ठेवायचा अधिकार शाल पांघरणाऱ्याला नाही.

लर्विकच्या संग्रहालयात या शाली आज पाहायला मिळतात. बेटांवरच्या प्राथमिक शाळांत मुलांना विणकाम शिकवत असत. २०१० साली स्थानिक कौन्सिलने खर्च वाचवण्यासाठी ते वर्ग बंद केले. मग काही वर्षांतच विणणाऱ्या बायकांनी शाळा सुटल्यावर मुलांना फुकट शिकवायला सुरुवात केली. मुली येतात तसे मुलगेही येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या कमरेला तोच कातड्याचा पट्टा बांधतात, त्या घोड्याच्या केसांच्या गादीत सुई खोवून देतात, आणि मग टाके मोजायला लावतात.